आमेनच्या अलीकडे

वाटेच्या उत्तर टोकाला गाडी थांबली तेव्हा ऑर्सनने आर्डिथच्या कानाकडे बघितलं. हल्ली बायकोचा चेहरा बघायचा तर तो कानाकडे बघायचा. डोळ्यांच्या मधोमध धुकं बसलं होतं. काय दिसायचं ते कडेकडेनं.

“अजून सांगते, बरोबर येते,” ती म्हणाली.

“चाळीस वर्षं दोघं दोन टोकांनी चालतोय, जुनिपरच्या झाडाखाली भेटतोय. आज हाताला धरून नेणार? लोक म्हणतील, म्हातारा रांगायला लागला.”

“लोक कुठायत इथं? सरडे आहेत.”

“सरडे जास्त चहाटळ.” त्यानं काठी चाचपली, लाल टोपी कपाळावर ओढली. “ही वाट मी आखलीय, बाई. तुझ्याआधीपासून ओळखतो तिला. जर्दाळूचा जॅम घेतलास ना?”

“घेतला.”

“मग झालं तर.”

तो निघाला. पाठमोरा, ताठ. गाडी दक्षिण टोकाला नेऊन आर्डिथही चालू लागली.

वाट तशी सोपी. कडेवर मूल घेतलेल्या बायकासुद्धा चालून जात. एका हाताला कडा, कड्याखाली तांबडी दरी, दरीच्या तळाशी दोऱ्याएवढी नदी. कातळावर पाऊल उमटत नाही, म्हणून वळणावळणाला दगडांच्या लगोऱ्या रचलेल्या. एकीपाशी उभं राहिलं की पुढची दिसते. फिरायला येणारे मात्र हौसेनं आपल्याही लगोऱ्या रचून जात, अन् त्यांच्या मागं गेलेला माणूस कुठं जाईल याचा नेम नसे. म्हणून गावातली माणसं पाळीपाळीनं येऊन त्या खोट्या लगोऱ्या पाडत. काल आर्डिथची पाळी होती.

आज वारा नव्हता. झुडपाचं पान हलत नव्हतं. एक डोमकावळा घळीवर घिरट्या घालत होता, न ओरडता. आर्डिथला उगाच वाटलं, दरी आपल्याकडं तोंड करून बसलीय.

ती जुनिपरखाली पोचली तेव्हा सूर्य डोक्यावर होता. इथं दरीतून एक घळ वाटेत आडवी शिरली होती. पलीकडचा काठ अगदी हाकेवर. पण तिकडून इकडं यायचं तर घळीच्या डोक्याला वळसा घालावा लागे. ऑर्सन त्या काठावर येणार, आत वळणार, वळसा घेऊन तिच्यापाशी पोचणार. नेहमीसारखा.

मागून पावलं वाजली. बहिणीचा मुलगा थेरॉन होता. आजची पाळी त्याची.

“काय मावशी, सहल का? माझ्यासाठी काही ठेवलंस की काल सगळ्या लगोऱ्या तूच झोडपल्यास?”

“अकरा पाडल्या. एक तर समोरच होती बघ, त्या काठावर. डोक्यावर पांढराशुभ्र दगड. नवरी सजवल्यासारखी. तो दगड मी घळीत लोटला अन् आकडे मोजले. पाचावर आवाज आला.”

थेरॉन हसला नाही.

“मावशी, ती काकांची होती.”

“कुणाची?”

“गेल्या गुरुवारी मी अन् त्यांनी रचली. तिथलं वळण त्यांना दिसत नाही आता. पांढरा दगड डोळ्याच्या कडेनं कळतो म्हणाले. तुला सांगू नको म्हणाले, ‘नाहीतर ती मला एकट्याला सोडायची नाही.’”

आर्डिथच्या हातातली पिशवी खाली बसली. त्याच वेळी पलीकडे लाल टोपी दिसली.

ऑर्सन आला. शेवटच्या खऱ्या लगोरीपाशी थांबला, तिला काठी टेकवली, मान इकडंतिकडं फिरवली. पांढरं काही दिसेना. मग तो पुढं निघाला. काठी डावीकडं, काठी उजवीकडं, एक पाऊल. हरवलेलं शोधत, काठाकडं.

“हाक मारू?” थेरॉन कुजबुजला.

“नको.” तिनं त्याचं मनगट धरलं. “माझ्या हाकेला तो येतो. चाळीस वर्षं येतोय. थांब म्हटलं तर शब्द घळीत फुटतील, काय म्हणतेस म्हणून अजून दोन पावलं पुढं येईल. तू पळ. वळसा घाल.”

“पंधरा मिनिटं लागतील.”

“पळ.”

थेरॉन गेला. पलीकडे आणखी एक पाऊल पडलं. काठापर्यंत आता फार तर सहा.

जेवणाआधी ती नेहमी इथं प्रार्थना म्हणायची. ऑर्सनच्या घरात बापाची शिस्त होती: प्रार्थना कानावर पडली की असेल तिथं थांबायचं, टोपी काढायची, हात बांधायचे, आमेन होईस्तोवर हलायचं नाही. एकदा पायावर विंचू चढला होता, तरी तो हलला नव्हता. अन् प्रार्थनेचे शब्द फुटले तरी चाल कळते.

आर्डिथनं हात बांधले आणि आवाज उंच केला.

“हे आमच्या स्वर्गातल्या बापा.”

काठ एका पावलावर राहिला असताना लाल टोपी थांबली. मग डोक्यावरून उतरली.

“या बनपावासाठी तुझे आभार. जर्दाळूसाठी आभार, जर्दाळूच्या झाडासाठी, ते लावणाऱ्या सासूबाईंसाठी. त्या सुनेशी कधी गोड बोलल्या नाहीत, पण झाड त्यांनी गोड लावलं, त्यासाठी आभार.”

थेरॉन घळीच्या डोक्याकडं वळला आणि खडकाआड गेला.

तिनं पावसाचे आभार मानले, आणि न पडलेल्या पावसाचेही. विहिरीचे, रहाटाचे, दोन लेकींचे, न जगलेल्या लेकाचे. गेल्या साली मेलेल्या घोडीचे. घसा कोरडा पडला तशी चाल सरळ ठेवायला कष्ट पडू लागले. समोर ऑर्सनच्या पांढऱ्या डोक्यावर ऊन थापलं जात होतं. एकदा तो डुलला. काठी काखेत होती, तिचं टोक हवेत.

“त्याच्या पायांसाठी आभार, बापा. आणि ते जिथं आहेत तिथं राहू देशील त्यासाठी. माझ्या हातांना क्षमा कर. त्यांना खरं-खोटं कळलं नाही.”

डोमकावळा खाली उतरून पलीकडच्या काठावर बसला, बघत.

मग ऑर्सनच्या मागं थेरॉन दिसला, वाकलेला, धापा टाकत. त्यानं मागून दोन्ही हातांनी म्हाताऱ्याला कवळलं. ऑर्सननं मान वळवली नाही. प्रार्थना संपली नव्हती. आर्डिथनं ती मिठी नीट बघितली, घट्ट आहे ना ते दोनदा बघितलं, आणि मगच म्हणाली,

“आमेन.”

पलीकडून ऑर्सनचं आमेन आलं आणि त्याबरोबर त्याचा पाय उचलला गेला, अडलेलं पाऊल पुरं करायला. टाच काठावर घासली आणि पुढचा तळवा कशावरच टेकला नाही. थेरॉननं त्याला मागं खेचलं. दोघं कातळावर बसले.

टाचेखालचा एक खडा सुटला होता. आर्डिथ मोजत राहिली. पाचावर आवाज आला.

“आर्डिथ,” पलीकडून ऑर्सननं विचारलं, “काय पडलं गं?”

“काही नाही,” ती म्हणाली. “दगड होता.”