आपलं झाकलेलं एक खरं

पियुष तोंडावर आपटला तो एका शब्दापायी, आणि शब्द तरी कुठला, तर 'आपलं'. दिवसातून शंभरदा तोंडात येणारा!

शहराच्या टोकाला, बेसा वस्तीत, मोहितच्या भाड्याच्या फ्लॅटवर दर रविवारी दुपारी चौघांचा खेळ रंगायचा. पत्ते नाही, कॅरम नाही. दुर्गेशनं दोनशे पानी वहीत अख्खं राज्य रचलं होतं, गड, दऱ्या, राक्षस, सगळं. तो सूत्रधार, बाकीचे तिघं त्या राज्यातले वीर. आपला वीर काय करतो ते बोलून दाखवायचं आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. तिशीला टेकलेली, नोकरीधंद्याची माणसं ही, पण फासा हातात आला की बघावं यांना! रितिका बँकेत दिवसभर सभ्यपणाचा पुतळा, इथं मात्र जादूगारीण. आणि पियुषचा वीर रणधूम. दीड वर्ष जपला होता त्यानं त्याला, पोटच्या पोरासारखा.

त्या रविवारी मोहितचे वडील बाबाराव रामटेकहून आले होते, घरच्या धानाचे तांदूळ घेऊन. तरुणपणी ते गावच्या दंडारीत, म्हणजे तिथल्या लोकनाट्यात, राक्षसाचं काम करायचे, त्यामुळे खेळ बघायला हौसेनं येऊन बसले.

"तुमच्यातला राक्षस बसल्या बसल्याच मरते का गा?" त्यांनी विचारलं.

"फासा पडला की मरते, काकाजी," रितिका हसत म्हणाली.

"मंग सोपं हाये वं पोरी. आम्हाले तं चार कोलांट्या माराव्या लागे." असं म्हणून ते मागच्या दिवाणावर आडवे झाले. "आमच्या इंजिनिअरचे दोस्त मोठे मजेदार हायेत," असंही पुटपुटले आणि डोळे मिटले.

'इंजिनिअर' म्हटलं की मोहितची मान खाली जायची, आणि पियुषचीही. कारण मोहित इंजिनिअर नव्हता. शेवटच्या वर्षाचे दोन विषय राहिले ते राहिलेच. सात वर्षांपूर्वी निकालाच्या दिवशी तो होस्टेलच्या खोलीत उशीत तोंड खुपसून रडत होता, तेव्हा पियुषनंच त्याच्या फोनवरून बाबारावांना कळवलं होतं, "काकाजी, मोहित पास झाला!" पुढे मोहित एका बोर्ड छापणाऱ्या दुकानात लागला. तिथं त्याचं बरं चाललं होतं, पण बापाच्या तोंडचं 'इंजिनिअर' काही सुटलं नाही. हे दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता खेळाचं ऐका. गडाच्या दारात राक्षस उभा, मोहितचा वीर जखमी होऊन पडलेला, रितिकाचे मंत्र संपलेले. उरला एकटा रणधूम. तेव्हा दुर्गेशनं वहीचं नवीन पान उघडलं. त्यात 'काळा टिळा' नावाचा विधी होता. काजळाची डबीसुद्धा घेऊन आला होता पठ्ठ्या!

"नीट ऐका बे," तो म्हणाला आणि वाचू लागला. "वीराने कपाळी काळा टिळा लावून आपलं झाकलेलं एक खरं सभेत उघडं करावं. खरं जितकं जड, तितकं बळ मिळेल. ते खोटं निघाल्यास वीर जागच्या जागी मरेल."

"म्हणजे खरंखुरं सांगायचं? आपल्या आयुष्यातलं?" रितिकानं विचारलं.

"मंग काय! फुकट बळ भेटते का कुठं?"

पियुषनं टिळा लावला. "ऑफिसात एकाचा डबा एकदा मी चोरून खाल्ला," तो म्हणाला.

"एक बळ," दुर्गेशनं तोंड वाकडं केलं. "राक्षसाले आठ लागते."

जड असं खरं पियुषपाशी होतं. मागच्या साली आईला दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा 'सुट्टी मिळत नाही' सांगून हा इथंच रणधूम खेळत बसला होता. ते अगदी जिभेवर आलं, आणि त्यानं गिळलं. रितिकासमोर कसं सांगायचं ते? सगळे बघताहेत, राक्षस उभा, दीड वर्षाचा वीर आता जाणार! त्यानं वळून दिवाणाकडे पाहिलं. बाबाराव झोपले होते. आणि हा दिवटा बोलून गेला.

"मोहित इंजिनिअर नाही. त्याचे दोन विषय राहिले. पास झाल्याचा फोन मीच केला होता त्याच्या बाबाले."

मोहितचा चेहरा पांढराफटक पडला. रितिकानं फासा हातातून ठेवून दिला.

"अबे, हे तं त्याचं खरं झालं ना," दुर्गेश चाचरत म्हणाला.

इथं तरी गप्प बसावं की नाही? पण नाही, याला अक्कल पाजळायची हुक्की आली. "तूच वाचलं ना, 'आपलं'? 'स्वतःचं' असं कुठं लिहिलं? आपलं म्हणजे आपल्या दोघांचं. त्याचा निकाल, माझा फोन. नियमात बसते का नाही, सांग."

दुर्गेशनं वहीत पाहिलं. नियमाचा मोठा पक्का तोही! "आठ बळ," तो हळूच म्हणाला.

पियुषनं फासा टाकला. वीस पडले. राक्षस मेला, पण आनंदानं ओरडलं कुणीच नाही.

"कोणचे दोन विषय?"

दिवाणावर बाबाराव उठून बसले होते.

"बाबा, खेळातलं हाये ते," मोहित घाईघाईनं म्हणाला. "गंमत चालू हाये आमची."

बाबारावांनी पोराकडे पाहिलंच नाही. "काय गा पियुष? खेळातलं हाये?"

'हो' म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण पियुषची नजर आधी फाशावर गेली. ते वीस अजून तसेच वर होते, आणि खोटं म्हटलं की रणधूम मेला. एक क्षण, फार तर दोन, त्यानं खरोखर हिशेब केला. बाबाराव ते बघत होते.

"हो काकाजी," तो म्हणाला. "खेळातलं. खोटं बोललो मी." मग ज्यावर रणधूमचं सगळं बळ मांडलेलं होतं, तो कागद त्यानं उचलला आणि टराटरा फाडला.

"बरं," बाबाराव म्हणाले आणि पायात चपला घातल्या. मोहित स्कूटरची चावी घ्यायला उठला, तसं त्यांनी हातानंच त्याला थांबवलं. "तू बस. पियुष सोडते मले स्टँडवर."

पियुषच्या गाडीवर मागे बसून बाबाराव गणेशपेठच्या एसटी स्टँडकडे निघाले. पियुषच्या कपाळावरचा टिळा घामानं नाकावर ओघळला होता आणि सिग्नलला लोक त्याच्याकडे बघून हसत होते. त्यानं तो पुसला नाही. हसू देत, असंच त्याला वाटलं.

रामटेकची गाडी लागलेलीच होती. बाबारावांनी पिशवी खांद्याला अडकवली.

"फोन केला होता तू तेव्हा, खोटं बोलला," ते म्हणाले. "माझं पोरगं जिवाचं काही करून बसंल म्हणून बोलला असशील. आजही खोटं बोलला, ते त्याले झाकाले. या दोन्हीचा मले राग नाही गा. पण मधात जे खरं बोलला, ते कोणासाठी?"

पियुष काय सांगणार होता, कागदावरच्या राक्षसासाठी? खाली बघून तो कसाबसा म्हणाला, "माझ्यासाठी, काकाजी."

बाबारावांनी मान हलवली. रागानं नाही, आणि तेच वाईट. "मोहितले सांगजो, बाबाले पटलं म्हणून. खेळातलंच होतं म्हणजो. मले समजलं हे कळलं तं पोरगं घरी यायचं बंद होईल." आणि ते गाडीत चढले.

पियुष परतला तेव्हा मोहित बिल्डिंगच्या फाटकाशीच उभा होता. बाकीचे निघून गेले होते. आता हा थोबाडीत देणार, असं पियुषला वाटलं, आणि मनापासून तेच हवं होतं त्याला.

"काय म्हणाले बाबा? पटलं का त्यायले?"

"पटलं," पियुष म्हणाला. "खेळातलंच समजले."

मोहित मटकन कट्ट्यावर बसला आणि दोन्ही हातांनी त्यानं तोंड पुसलं. "तुले आज तुडवणार होतो बे मी, खरं सांगतो. पण मंग वाटलं, दीड वर्षाचा रणधूम तू माझ्यापायी मारला. कागद फाडला सगळ्यांसमोर." त्यानं पियुषचा हात धरला. "कोण करते गा एवढं कोणासाठी? थँक्स बे."

पियुषला हात सोडवून घ्यावासा वाटत होता. पण मोहितनं तो घट्ट धरला होता, आणि तो पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता.