मनोऱ्याचं चौथं घड्याळ

प्रवाशांची यादी वाचताना गाइडबाईंचं बोट अकराव्या नावावर थांबलं. सहा वर्षं ज्याची वाट पाहिली, तो माणूस आपल्या पायांनी चालत बसमध्ये येऊन बसला होता.

सहा वर्षांपूर्वी या लेखकाने दोन दिवसांत हे शहर पाहून वर्तमानपत्रात लांबलचक लेख लिहिला होता. धूळ किती, गोंगाट किती, लोक कसे अंगावर येतात, सगळं अगदी चवीने. शेवटी त्याने बाईंच्या वडिलांवर तोंडसुख घेतलं होतं. ‘म्हातारा गाइड सांगतो, मनोऱ्याला चार घड्याळं आहेत. मी स्वतः फिरून पाहिलं, तीनच आहेत. ज्याला मोजता येत नाही, तो इतिहास काय सांगणार?’

लोक पोट धरून हसले. पर्यटन कचेरीने चौकशीही न करता बाबांचा गाइडचा बिल्ला काढून घेतला. तीस वर्षं खरं तेवढंच सांगणारा माणूस तेव्हापासून घराबाहेर पडेनासा झाला. पडला, की कुणीतरी विचारणारच, “काका, चौथ्यात किती वाजले?”

चौथं घड्याळ होतं. फक्त ते मागच्या बोळाकडे तोंड करून होतं, आणि बोळाची वाट एका लाँड्रीच्या अंगणातून जात होती. लेखकसाहेबांना भिंत आडवी आली, तसे ते माघारी फिरले होते.

बस चौकात थांबली. बाई गोड आवाजात म्हणाल्या, की साहेबांनी या मनोऱ्यावर फार छान लिहिलंय, त्यांनीच वाचून दाखवावं. बाईंनी पुढे केलेलं कात्रण साहेबांनी खुशीत घेतलं आणि हातवारे करत वाचलं. बाकीचे तीसच्या तीस प्रवासी हसले. बाईही हसल्या. मग त्यांनी सगळ्यांना लाँड्रीच्या ओल्या चादरींखालून वाकवून बोळात नेलं आणि वर बोट दाखवलं.

“मोजा, साहेब. मोठ्याने. ते म्हातारे गाइड माझे वडील.”

साहेबांनी आधीची तीन बोटांवर धरली आणि चौथं बोट उघडलं. “चार,” ते म्हणाले.

मागून एक आजी म्हणाल्या, “चला, साहेबांना एक आकडा तरी जास्त मोजता यायला लागला.”

साहेबांनी बाईंना बाजूला घेतलं. घरी येऊन वडिलांची माफी मागतो, हवं तर पाया पडतो, म्हणाले.

“बोळात मागितलेली माफी बोळातच राहते,” बाई म्हणाल्या. “अब्रू छापून घालवलीत, माफीही छापूनच हवी. संपादकांना पत्र लिहा. इथेच.”

हॉटेलवर जाऊन लिहितो, असं ते पुटपुटले. बाईंनी सांगून टाकलं, की तोवर बस हलणार नाही. जेवणाची वेळ टळत आली होती. तीस भुकेली तोंडं साहेबांकडे वळली आणि कुणीतरी मुकाट्याने पेन पुढे केलं.

साहेबांनी लाँड्रीच्या टेबलावर लिहिलं, ‘माझ्याकडून कदाचित चूक झाली असावी.’ बाईंनी पाटी तपासावी तसं ते तपासलं.

“कदाचित काढा.”

त्यांनी दुसऱ्यांदा लिहिलं, ‘चूक झाली.’

“कुणाची?”

तिसऱ्या खेपेला लिहिलं गेलं, ‘चूक माझी. मी न पाहता लिहिलं. गाइड खरं बोलत होते.’ बाईंनी ते सगळ्यांसमोर त्यांच्याकडून वाचून घेतलं, फोटो काढून संपादकांना पाठवायला लावला, आणि तो गेल्याची खूण स्वतः पाहिली.

“निघायचं आता?” कपाळ पुसत साहेबांनी विचारलं.

“बसा,” बाई म्हणाल्या. “दुसरा कागद घ्या. हा कचेरीसाठी. मजकूर तोच, पण अक्षर जरा बरं काढा.”