पंखा थांबलेला दिसला

मी एक जुनी टायमिंग लाईट आहे, मित्रांनो. आकार पिस्तुलासारखा, पुढे काच, मागे तीन वायरी. दोन बॅटरीला लावायच्या, तिसरी इंजिनाच्या पहिल्या स्पार्क प्लगच्या वायरीला चिमट्याने लावायची. त्या प्लगला ठिणगी पडली की मी चमकते. ठिणगी नसते तेव्हा मीही नसते. म्हणून माझी गोष्ट सलग नाही.

चमक.

कारखाना. माझं बटण दाबणारं कुणाचं तरी बोट. एवढंच.

चमक.

जोयडा. झिलूचं गॅरेज. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन ठकठक वाजतं, उशिरा पडली तर चढणीला दम सोडतं. इंजिनाच्या पुलीवर एक खूण असते. दर ठिणगीला ती त्याच जागी आलेली असते आणि मी तेव्हाच चमकते, म्हणून गरगर फिरणारी पुली माझ्या उजेडात थांबलेली दिसते. खूण कुठे थांबली ते पाहून झिलू ठिणगीची वेळ जुळवतो. खूण मळली असेल तर इंजिन बंद करायचं आणि तंबाखूच्या डबीतला चुना बोटाने तिच्यावर लावायचा, ही त्याची रीत.

नंदिगड्ड्याहून गाड्या यायच्या. ‘झिलूची लाईट खोटं बोलत न्हाई,’ ड्रायव्हर म्हणायचे.

मग नव्या गाड्या आल्या. त्यांना माझी गरज नव्हती.

चमक.

दिग्गीच्या लक्ष्मणची पेट्रोलवरची जुनी जीप.

“झिलूअण्णा, चढणीला दमच न्हाई हिला.”

“पॅसेंजर उतरवून ढकलायला लावतोस म्हणं.”

“फुकट बसणारेच उतरवतो.”

झिलू वाकून बघत होता. “खूण दिसंना. चुना काढ.” मला लक्ष्मणच्या उजव्या हातात देऊन तो चावी बंद करायला वळला.

लक्ष्मणने डाव्या बोटांवर चुना घेतला. समोर पुली थांबलेली. तिच्यापुढचा इंजिनाचा पंखा थांबलेला. पाती मोजता येत होती.

त्याने हात घातला.

दोन चमकांच्या मध्ये जे झालं ते मी पाहिलं नाही. पुढच्या चमकेत पाती तशीच थांबलेली होती. लाल होती.

मला काही वाटलं नाही.

चमक.

तीच जीप. दोघांचं बोलणं चाललेलं.

“कानानं केलं असतं टायमिंग,” झिलू म्हणतो. “ही लाईट फडक्यात गुंडाळून ठेवली हुती, कशाला काढलीस?”

“कानानं केलेली गाडी चढंना, अण्णा.”

“आणि गिअर?”

लक्ष्मणने डावा हात दाखवला. मधली दोन बोटं नव्हती. “तळव्यानं पाडतो. पयल्यांदा दांडा निसटायचा. आता निसटत न्हाई. जीप माझ्याकडंच हाय, इकली न्हाई.”

झिलू पुलीकडे वाकला.

“चालू हाय ते ऐकू येत हुतं मला,” लक्ष्मण म्हणाला. “तरी डोळ्यांचं ऐकलं.”

“मी लाईट तुझ्या हातात द्यायला नको हुती.”

“व्हय. नको हुती.”

या वेळी चुना आधीच लावलेला होता. झिलूने मला स्वतः धरलं होतं. “हात मागं घे.”

“घेतलाय. हाय तेवढा.”

झिलू हसला नाही. खूण जागेवर आली. लक्ष्मण स्टिअरिंगवर बसला, तळव्याने दांडा दाबला. गिअर पडला. झिलूने चिमटे काढले.

मित्रांनो, माझी काच पुसत जा, वायरींना पीळ पडू देऊ नका. पण त्याआधी तुमचे हात जपा. माझ्या उजेडात थांबलेलं दिसतं ते थांबलेलं नसतं. चावी काढून खिशात घाला, माझं बटण सोडा, साध्या उजेडात पंखा थांबलाय का बघा. मगच हात घाला. मला काही वाटत नाही. म्हणून हे तुम्हालाच सांगून ठेवते.