अंगठ्याखालची टोपी

“हुकला! पुन्हा हुकला तुमचा नेम!” प्राची नवऱ्याला चिडवत खिदळली. टीव्हीच्या पडद्यावर संघर्षच्या सैनिकाने शत्रू सोडून भिंतीलाच गोळ्या घातल्या होत्या.

संघर्ष हसला नाही. गेमचा कंट्रोलर मांडीवर ठेवून त्याने उजवा अंगठा डाव्या मुठीत दाबून धरला. मुठीत अंगठा थरथरतच होता, आवाज बंद केलेला मोबाइल वाजावा तसा.

“थंडी वाजून राह्यली,” तो म्हणाला.

“ऑक्टोबरात?”

वरवट बकाल गावात ऑक्टोबरच्या दुपारी थंडी वाजणारा तो एकटाच माणूस असावा. प्राची चहा टाकायला उठली. तीन कप आले. दोन काठोकाठ आणि एक अर्धा. अर्धा कप भाऊरावांचा, म्हणजे संघर्षच्या वडिलांचा; भरलेला त्यांच्या हातून सांडायचा. त्या घरात अर्धा कप कोणाचा हे पाहुण्यालाही विचारावं लागत नसे.

भाऊराव पेंटरचा हात एकेकाळी तालुक्यात नावाजलेला होता. दुकानाची पाटी असो की ट्रॅक्टरचा नंबर, पट्टी न लावता ते रेघ ओढायचे. फ्लेक्स आले आणि आपला धंदा बुडाला, असं ते लोकांना सांगत. फ्लेक्स आले हे खरं. पण त्याआधीच एका पाटीवरचा काना नागमोडी उतरला होता आणि दुकानदाराने गुपचूप दुसरा पेंटर बोलावला होता. तेव्हा संघर्ष शाळेत होता. तो काना त्याला अजून दिसत असे, आणि हल्ली फारच दिसू लागला होता. कारण संघर्षचं पोट अंगठ्यावर होतं. फवारणीचा ड्रोन तो उडवायचा. मोकळ्या वावरात ड्रोन ठरवलेल्या वाटेने आपला आपण जातो. पण बांधाकडेची बाभूळ, विजेची तार, विहीर, तिथे रिमोटच्या दोन काड्या आणि दोन अंगठे एवढंच हाती असतं. प्राचीने त्याच्यासोबतच प्रशिक्षण घेतलं होतं, परवानाही काढला होता. पण ती पाणी-औषध भरायची, बॅटऱ्या बदलायची. रिमोट त्याच्या गळ्यात.

बुलढाण्याला तो डॉक्टरकडे म्हणून गेला आणि दवाखान्याच्या पायरीवरून परत फिरला. आत गेलं की आजाराचं नाव कळणार, आणि नाव कळलं की ते खरं होणार, एवढीच भीती. परतताना मोबाइलच्या दुकानात त्याला रबरी टोप्या दिसल्या. कंट्रोलरच्या स्टिकवर दाबून बसवायच्या, स्टिक उंच होते.

“यानं खरंच नेम सुधारते का?” त्याने विचारलं.

“लावून तर पाहा, भाऊ,” दुकानदार म्हणाला. “काडी उंच झाली का अंगठा जास्त सरकला तरी नेम थोडाच सरकते. बारकी चूक खपून जाते.”

खपून जाते! संघर्षला दुसरं काही ऐकायचंच नव्हतं.

त्या संध्याकाळी त्याने प्राचीला लागोपाठ हरवलं. अंगठा थरथरत होता, पण पडद्यावर काही दिसत नव्हतं. किती दिवसांनी त्याला मोकळा श्वास घेता आला. ड्रोनच्या रिमोटलाही त्याने लांब टोकं मागवून पेचाने बसवून टाकली.

“एक सांगू का?” कंट्रोलर ठेवताना प्राची म्हणाली. “समोरच्याले बरोबर मारता तुमी. पण मांगून कोनी आलं, का वळेपरेंत मरता.”

“वावरात मांगून कोन येते?” तो म्हणाला.

पुढची फवारणी अर्जुनरावांच्या वावरात होती, तिथली तूर डोक्याएवढी उंच झाली होती. संघर्षने सवयीप्रमाणे हाळी दिली, “वावरात कोनी नाई ना?” अर्जुनराव बांधावरून ओरडले, “कोनी नाई, चालू द्या!” पण फवारा मारायच्या आधी बायका बांधाकडेच्या चवळीच्या शेंगा तोडून घेतात, कारण नंतर कितीतरी दिवस ती भाजी खाता येत नाही. अर्जुनरावांच्या पत्नी सुभद्राबाईही सकाळीच शेंगा तोडून बाहेर आल्या होत्या. आणि शेवटच्या ओंजळभर शेंगांसाठी, कोणाला न सांगता, पुन्हा आत गेल्या होत्या.

बाभळीजवळ ड्रोन खाली आला. संघर्षने तो हाती घेतला. काड्या किती सुरळीत चालत होत्या! इतक्यात समोरची तूर हलली आणि हिरवा पदर वर आला.

“मांगं! मांगं घ्या!” प्राची किंचाळली.

त्याने अंगठा ओढला, नेहमी ओढायचा तेवढाच. उंच काडी तेवढ्यात निम्मीच वळली. ड्रोन पुढेच जात राहिला. त्याने पुन्हा ओढली, पार टोकापर्यंत. ड्रोन थांबला तेव्हा पंख्यांच्या वाऱ्याने सुभद्राबाईंचा पदर उडत होता, औषधाने त्या निथळत होत्या आणि टोपलीतल्या शेंगा मातीत पसरल्या होत्या.

ड्रोन उतरवला आणि संघर्ष तिथेच मातीत बसून रडू लागला. प्राची सुभद्राबाईंना धरून विहिरीवर घेऊन गेली, साबण लावून तिने त्यांना डोक्यावरून न्हाऊ घातलं, कोरडं लुगडं नेसवलं. डोळे चुरचुरत होते, बाकी कुठे खरचटलंही नव्हतं.

“अवं, मी धडधाकट हाव,” त्या म्हणाल्या. “तूच काऊन रडून राह्यला, बाप्पू?”

“चूक हिचीच हाये,” अर्जुनराव म्हणाले. “बिनसांगता घुसली. तुम्ही वेळेवर थांबवलं म्हून वाचली, भाऊ.”

ते आभार मानत होते. संघर्षला ते ऐकवेना. चूक त्याच्या अंगठ्याखाली होती.

परतताना गाडीत प्राची म्हणाली, “मले माहीत होतं. शर्टाच्या गुंड्या लावतानी तुमचा हात पाह्यते मी.”

“मंग बोलली काऊन नाई?”

“तुमी सांगान म्हून वाट पाहून राह्यली होती. अन् मलेबी भेव वाटत होतं.”

घरी आल्यावर त्याने रिमोटची लांब टोकं उलटी फिरवून काढली. कंट्रोलरच्या टोप्याही काढल्या. रिमोट प्राचीपुढे ठेवला.

“उद्याचं वावर तू उडव. मी पानी भरतो.”

“अन् परवा बुलढान्याले जाऊ. दोघंबी,” ती म्हणाली.

“हाव,” तो म्हणाला.

ती आत गेली. चहाचा वास आला. भाऊराव ओसरीवर येऊन बसले. प्राचीने ताट आणून दोघांच्या मधे ठेवलं. त्यात एक कप भरलेला होता. तो तिने स्वतः उचलला. उरलेले दोन अर्धे होते.

भाऊरावांनी दोन्ही कपांकडे पाहिलं. मग मुलाकडे पाहिलं. आपला कप त्यांनी त्याचा कान न धरता दोन्ही तळव्यांत घेतला, कोपरं गुडघ्यांवर टेकवली, आणि संघर्षने आपला कप तसाच धरेपर्यंत ओठाला न लावता थांबून राहिले.