शिक्का राजापेठेत आहे

नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच, एक ज्युनिअर कॉलेज आहे. त्याच्या बारावी सायन्सच्या पटावर त्या वर्षी एकशे दहा विद्यार्थी होते. त्यातली एक विद्यार्थिनी रोज यायची.

बाकीचे एकशे नऊ अमरावतीला, राजापेठेत, एका क्लासच्या तिसऱ्या मजल्यावर शिकत. क्लासनं शिकवायचं आणि कॉलेजनं हजेरी मांडायची, अशी कामाची वाटणी होती. ती इतकी सुरळीत चालली होती की तपासणीला आलेले साहेबही हजेरीपट पाहून म्हणाले, "शिस्त आहे बुवा." वर्गात डोकावण्याची गरज त्यांना वाटली नाही.

गजेंद्र काळमेघ सर या कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. म्हणजे दीक्षाला शिकवत. दीक्षा देवमन तायडे. एवढा वर्ग रिकामा असून ती तिसऱ्या बाकावर बसायची. पुढे का बसत नाहीस म्हणून सरांनी एकदा विचारलं, तर म्हणाली, "सर, पुढचे दोन्ही तुटेल हायेत." वीस वर्षांच्या सवयीनं सर मध्येच ओरडत, "मागचे, बडबड बंद करा!" आणि दीक्षा वळून मागे पाहायची. मागे भिंत असे.

जीवशास्त्राशिवाय सरांकडे दोन खाती होती, निरोप समारंभ आणि करिअर मार्गदर्शन. करिअर मार्गदर्शनाचं त्यांनी तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं आणि त्याचं प्रमाणपत्र स्टाफरूममध्ये लावलं होतं. 'बारावीनंतर काय?' हे त्यांचं भाषण तालुक्यात नावाजलेलं होतं. मूळ भाषणात डीएड होतं. मग डीएड काढून तिथे इंजिनिअरिंग घातलं, ते काढून स्पर्धा परीक्षा, आणि अलीकडे एआय. पुढचा-मागचा मजकूर तोच.

दीक्षाला मात्र बारावीनंतर काय हे भाषणाआधीच ठाऊक होतं. अकोल्याला जाऊन बीएस्सी ॲग्री करायचं. मार्कांची तिला काळजी नव्हती. काळजी होती ती जात पडताळणीच्या दाखल्याची. तो वेळेत आला नाही तर राखीव जागा मिळून हातची जाते, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्यासाठी पन्नास सालाच्या आधीचा पुरावा लागतो. दीक्षाचे आजोबा बाळापूरकडच्या एका गावात दुसरीपर्यंत शिकले होते. बापलेक दोनदा अकोला जिल्ह्यात जाऊन त्या शाळेच्या जुन्या रजिस्टरातला उतारा घेऊन आले. फॉर्म भरला, वंशावळ लिहिली, प्रतिज्ञापत्र झालं, प्राचार्यांना पोर्चमध्ये गाठून त्यांची सहीही घेतली. उरला होता फक्त कॉलेजचा शिक्का.

आणि शिक्का राजापेठेत होता.

यात कुणाचं काही चुकलं होतं असं नाही. एकशे नऊ पोरांची जर्नलं, परीक्षेचे फॉर्म, पासचे अर्ज, सगळ्यांवर शिक्का लागायचा. पोरं तिकडे, मग शिक्का इकडे ठेवून काय उपयोग? प्राचार्यांनी व्यवहारी निर्णय घेतला आणि शिक्का क्लासच्या काउंटरवर नेऊन ठेवला. त्या एकशे नवांतल्या ज्यांना पडताळणी लागत होती त्यांच्या फायली डिसेंबरातच एक गठ्ठा बांधून अमरावतीच्या पडताळणी ऑफिसात गेल्या. दीक्षाची फाइल त्यात नव्हती, कारण ती कॉलेजात होती.

"आण इकडे," सर दिवाळीनंतर म्हणाले होते. "मी जातोच राजापेठेत. मारून आणतो."

ते खरंच जात. त्यांच्या स्कुटीच्या डिक्कीत ती फाइल तीनदा अमरावतीला जाऊन आली. एकदा काउंटरवाली जेवायला गेली होती, एकदा सरांना घरून सामानाची यादी आली, आणि एकदा डिक्कीत फाइल आहे हेच त्यांना नांदगावात परतल्यावर आठवलं. दर वेळी दीक्षा विचारायची, "झालं का, सर?" सर म्हणायचे, "होऊन जाते ना बापा. काहून घाई करून राहिली?"

असं करता करता जानेवारीतला शेवटचा शुक्रवार आला. फाइल देण्याचा शेवटचा दिवस. आणि निरोप समारंभाचाही.

संस्थेच्या अध्यक्षांना, म्हणजे दादासाहेबांना, यंदा निरोप मोठ्या शहरांतल्यासारखा हवा होता. त्यासाठी अमरावतीहून पदवीचे काळे झगे आणि चौकोनी टोप्या भाड्यानं आणल्या होत्या. बारावीची परीक्षा व्हायची होती, पण झगा आधी घालायला हरकत नाही असं ठरलं. एकशे दहा झगे सरांनी स्वतः मोजून घेतले. कुणी राहायला नको.

सकाळी साडेनऊला दीक्षा फाइल घेऊन मांडवात आली. इस्त्रीचा ड्रेस, केसांत गजरा.

"सर, आज लास्ट डेट हाय."

सर खुर्च्यांच्या रांगा लावून घेत होते. फाइल पाहून त्यांना पहिल्यांदा घाम फुटला. ती कालच त्यांनी डिक्कीतून काढून तिला परत दिली होती, 'सोमवारी पाहू' म्हणून.

"असं कर, तूच जाय. दहाची एसटी हाय. मी चिठ्ठी देतो. शिक्का मार, तसंच ऑफिसात नेऊन दे, अन् ये परत. तोवर इथं काही सुरू होत नाही."

"सर, तुमी आले असते तं बरं झालं असतं. मले तिथं कोणी वळखत नाही."

"अव, मग भाषण कोण देईन? दादासाहेब येऊन राहिले!" त्यांनी हजेरीच्या वहीतलं पान फाडून लिहिलं, 'सदर विद्यार्थिनी आपल्याच कॉलेजची आहे. शिक्का द्यावा.' खाली लफ्फेदार सही केली. "अन् काही अडलं तं फोन कर. मी हायच ना."

ती निघाली. वाटेत कुठेतरी तिची एसटी आणि समोरून येणाऱ्या क्लासच्या दोन बसगाड्या एकमेकींना ओलांडून गेल्या असणार. सरांना ते पुढे फार दिवस दिसत राहिलं.

बसगाड्यांतून एकशे नऊ विद्यार्थी उतरले आणि आपलं कॉलेज पाहू लागले. पाटीसमोर फोटो निघाले. एका पोट्ट्यानं सरांना विचारलं, "अंकल, वॉशरूम कुठे आहे?" एका मुलीनं इमारतीकडे पाहून मैत्रिणीला म्हटलं, "मिस करू ना गं आपण हे सगळं." सरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. ती गंभीर होती.

दादासाहेब एक वाजता आले. आधी बक्षिसं झाली. पूर्ण हजेरीचं बक्षीस त्रेचाळीस जणांना मिळालं. ती नावं सरांनीच वाचली. त्यात दीक्षा नव्हती, कारण तिचे दोन दिवस बुडाले होते. आजोबांच्या उताऱ्यासाठी अकोल्याकडे गेली तेच दोन. साऱ्या पटात खरे म्हणावेत असे खाडे तेवढेच होते.

मग सर माइकपुढे उभे राहिले. त्यांनी खिशातला कागद काढला नाही. पाठ होतं.

"माझ्या लाडक्या विद्यार्थ्यांनो! तुमच्यातल्या एकेकाला मी जवळून ओळखतो..."

टाळ्या पडल्या. खिशात फोन थरथरला. सरांनी वेळेचं महत्त्व हा पहिला मुद्दा घेतला. फोन थांबला, पुन्हा थरथरला. दुसरा मुद्दा होता कागदपत्रं वेळीच तयार ठेवण्याचा. त्यावर त्यांनी एक विनोदही सांगितला. तिसऱ्या वेळी, पाण्याचा घोट घेताना, त्यांनी फोन काढून पाहिला. 'दीक्षा बारावी.' समोर पहिल्या रांगेत दादासाहेब मान डोलवत होते. सरांनी अंगठ्यानं फोन गप्प केला आणि तिसरा मुद्दा घेतला.

"अन् आयुष्यात कुठंही अडले, तर लाजू नका. आपल्या शिक्षकाला फोन करा!"

सगळ्यात जास्त टाळ्या याच वाक्याला पडल्या. दर वर्षी पडतात.

टोप्या उडाल्या, त्यातल्या चार मांडवावर अडकल्या, झगेवाला शिडी घेऊन धावला. मग जेवण, मग दादासाहेबांसोबत फोटो. सरांनी फोन लावला तेव्हा पावणेपाच झाले होते. सात मिस्ड कॉल होते.

"काय व, झालं का काम?"

"नाही, सर." पलीकडून खालच्या रहदारीचा आवाज येत होता. "काउंटरवरची आरती मॅडम म्हन्ते, यादीत तुझं नाव नाही. आमच्या कॉलेजची असती तं आमी तुले कधी पायलं नसतं का?"

"चिठ्ठी दाखवली नाही तू?"

"दाखवली. तं म्हन्ते, हे काळमेघ सर कोण?"

सरांना आधी याच गोष्टीचा राग आला. "दे तिले फोन."

"सॉरी हं सर," आरती खरोखर अजिजीनं म्हणाली. "आजकाल बाहेरचे खूप येतात हो शिक्का मागायला. माझ्याजवळ क्लासची यादी आहे, त्यात ही नाही. साडेअकरापासून बाकड्यावर बसून आहे बिचारी. तुम्ही आधी एक फोन केला असता तर मिनिटाचं काम होतं."

शिक्का मारला गेला. राजापेठेच्या चौकात शुक्रवारची संध्याकाळ भरली होती. दीक्षा अर्ध्या वाटेपासून पळत गेली. ऑफिसच्या दाराशी शिपाई कुलूप ओढून पाहत होता. "पुढच्या गठ्ठ्यात दे," तो म्हणाला. पुढचा गठ्ठा केव्हा, ते त्याच्या हातात नव्हतं.

इकडे सरांनी झगे मोजून परत दिले. एकशे नवांना घामाचा वास होता. एकाची घडी मोडली नव्हती.

पुढचा गठ्ठा जूनमध्ये गेला. ऑगस्टात दीक्षाचं नाव अकोल्याच्या यादीत लागलं, वरच्या दहांत. दाखल्यासाठी दिलेली मुदत संपली आणि जागा खालच्या नावाला गेली. दाखला आला ऑक्टोबरात.

"वाया नाही जात तो," सर म्हणाले. "जन्मभर चालते."

हे ते देवमन तायड्यांना सांगत होते. ते एकदाच कॉलेजात आले. भांडले नाहीत. भांडले असते तर सरांना उत्तर देता आलं असतं. त्यांनी आजोबांच्या उताऱ्याची झेरॉक्स टेबलावर पसरली.

"हे पाहा, सर. अठ्ठेचाळीस सालचं हाय. आमच्या बापाले बाहेर वऱ्हांड्यात बसवत त्या शाळेत. त्या मास्तरले आमचं चांगलं करा लागते असं काई नव्हतं. तरी ओळ पाहा कशी लिवली. एक अक्षर पुसट नाही."

सरांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत तायडे निघून गेले होते.

सर निष्ठुर नव्हते. त्यांना रुखरुख लागली आणि त्यांनी ती मनावर घेतली. दिवाळीत आरतीचं लग्न झालं, क्लासचं काउंटर मोकळं झालं. सरांनी चार फोन केले, या वेळी लगेच, आणि दीक्षाला तिथे चिकटवून दिलं. कॉलेजच्या नव्या माहितीपत्रकात तिचा फोटो आला, 'अमरावतीच्या नामांकित शैक्षणिक संस्थेत निवड'. प्राचार्यांनी सरांच्या पाठीवर थाप मारली. कॉलेजचं हे पहिलंच प्लेसमेंट होतं.

नव्या बारावीत रोज येणारा एकच विद्यार्थी होता, शिवम. या खेपेला सर शहाणे झाले होते. डिसेंबरातच, स्वतः, त्याची फाइल घेऊन ते राजापेठेचे तीन मजले चढले.

काउंटरवर दीक्षा होती. समोर क्लासची यादी काचेखाली लावलेली होती. तिनं यादी पाहिली नाही. फाइल उघडली, पान चाळलं, शिक्का पॅडवर टेकवला आणि मारला. सरळ, ठसठशीत, एक अक्षर पुसट नाही.

"यादी नाही पायली?" सर हसत म्हणाले.

"सर, यादीत नाही म्हणजे तो रोज येत असन."

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. भिंतीशी ते बाकडं होतं. "यंदा पुन्हा सीईटी देऊन राहिली ना?"

"सकाळी आठ ते रात्री आठ इथंच असते, सर. पाहू."

"होते ना बापा. मनावर घेतलं की सगळं होते." करिअर मार्गदर्शक असल्यामुळे त्यांना हे वाक्य शोधावं लागलं नाही. मग जरा थांबून ते म्हणाले, "निरोप समारंभाले ये यंदा. मागच्या वर्षी तुझा राहूनच गेला. झगा मी ठेवतो तुझ्यासाठी."

"मी आली तं शिक्का कोण मारन, सर?"

तिनं फाइल बंद करून त्यांच्या हातात दिली. लगेच सोडली नाही.

"आजच नेऊन द्या. डिक्कीत नका ठेवू."

सरांच्या मागे दोन पोरं जर्नल घेऊन उभी होती. दीक्षानं त्यांच्याकडे पाहिलं.

"चला, पुढचे."

सर बाजूला झाले.