थंडीचं दार

एकोणीसशे एकसष्ट सालच्या एप्रिलमध्ये, उन्हं उतरल्यावर, थोरलीने मळ्याच्या दाराच्या खिट्टीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. आभाळ स्वच्छ होतं. वारा अगदी पडला होता. खाली नदीकाठी धाकटीचा नवरा, धुराने थंडी अडेल या आशेने, ओला पालापाचोळा पेटवत होता आणि धूर दोरा सोडावा तसा सरळ वर चालला होता. ही लक्षणं दोघी बहिणी लहानपणापासून ओळखून होत्या. पहाटे दव गोठणार, आणि वेलींचे नुकते फुटलेले कोंब जाणार.

थंड मुलखातलं ते खोरं म्हणजे एका बाजूला कललेलं ताट. वर चुनखडीचा डोंगर, मधे द्राक्षांचा उतार, तळाशी नदी. डोंगर उत्तरेचा वारा अडवायचा, दगड दिवसभराचं ऊन साठवून संध्याकाळी परत द्यायचे. म्हणून तर त्या वीतभर खोऱ्यातल्या वाइनला दूरदूरहून मागणी असे. पण थंडी तिथे पाण्यासारखी वाहायची. डोंगरावरून उतरायची आणि वेलींच्या ओळींमधून घरंगळत नदीवर जायची. वडील एप्रिलभर उतारावरच्या भिंतीतलं हे दार सताड उघडं ठेवत. पाहुणी लोचट आहे, म्हणायचे, बसायला जागा दिली की मुक्काम ठोकते.

तेव्हा भिंतीखाली नुसतं गवत होतं. वडिलांच्या मागे वरचा जुना मळा थोरलीकडे आला, कारण लग्न न करता तिनेच त्यांचं सगळं केलं होतं. खालचं गवताळ रान धाकटीकडे गेलं. तिच्या नवऱ्याने हौसेने तिथे वेली लावल्या. तळाला द्राक्ष लावत नाहीत, हे त्याला सगळ्यांनी सांगून पाहिलं. आता कुठे पूर्वीसारखी थंडी पडते, म्हणून तो हसण्यावारी न्यायचा. आणि काही वर्षं थंडीनेही त्याचा शब्द राखला.

आता दार उघडलं, तर वरची सगळी थंडी धाकटीच्या कोवळ्या वेलींवर जाणार. नाही उघडलं, तर ती भिंतीशी तुंबून वडिलांच्या वेली जाळणार. गेल्याच साली त्या एकदा जळल्या होत्या. पुन्हा सोसतील असं थोरलीला वाटत नव्हतं.

दारापलीकडे पावलं वाजली.

"ताई, आहेस का गं?" धाकटीचा आवाज आला.

"आहे."

"खिट्टी तुझ्या बाजूला आहे."

"ते काय मला आज कळतंय?"

धाकटी जराशी हसली. मग फळ्यांना पाठ टेकून ती खाली बसल्याचं ऐकू आलं.

"मी काही म्हणणार नाही हं," ती म्हणाली.

"म्हण ना काहीतरी. उघड म्हण, नको उघडू म्हण. शिव्या दे हवं तर."

थोरलीने हात शालीत ओढून घेतला आणि तीही दाराला टेकून बसली. मग फळ्यांआडून आईच्या शिवणयंत्राच्या गोष्टी निघाल्या, वडिलांच्या घोरण्याची नक्कल झाली. नवऱ्याच्या अंगाचा धुराचा वास आता दिवाळं निघालं तरी जायचा नाही, असं धाकटी म्हणाली आणि दोघी हसल्या. दाराचा विषय कुणी काढला नाही. घरी जायलाही कुणी उठलं नाही.

पहाटे थंडी वरच्या मळ्यात तुंबत तुंबत भिंतीच्याही वर आली आणि दूध उतू जावं तशी पलीकडे सांडली. उन्हं आली तसे वरचे कोंब काळे पडले. थोरलीने खिट्टी काढली. धाकटी समोर उभी होती, तिच्या केसांवर पांढरं दव होतं.

"तुझेही?" थोरलीने विचारलं.

"सगळे."

थोरलीने मोठा श्वास सोडला. तो सुटकेचा होता. धाकटीने तो लगेच ओळखला, कारण तिचाही तसाच सुटला होता.

पुढच्या वसंतात वडिलांच्या जुन्या खोडांना बुडातून धुमारे फुटले. धाकटीच्या वेलींनी मात्र पुन्हा डोळा उघडला नाही. तिच्या नवऱ्याने त्या उपटल्या आणि बिऱ्हाड शहरात हलवलं. तिथे तो निवृत्त होईपर्यंत बस चालवत होता. संध्याकाळी आभाळाकडे बघायची त्याची सवय शेवटपर्यंत गेली नाही. थोरलीने म्हातारपणापर्यंत मळा एकटीने सांभाळला. पुढे घरोघर फोन आले, तेव्हा धाकटी दर रविवारी फोन करायची. गुडघे विचारायची, हवा विचारायची. द्राक्षांचं तिने कधीच विचारलं नाही. आणि थोरली, ओसरीवर टोपल्या भरलेल्या असल्या तरी, हवा बरी आहे, एवढंच सांगत राहिली.