तुऱ्याच्या पाण्यात हळद

मित्रांनो, मी एक जुना फिश टँक आहे. नावाने फिश टँक, पण माझ्या पोटात मासा असा कधी पोहलाच नाही. तुर्भ्याच्या एका शेडमध्ये बाजीराव नावाचा कारागीर खिडक्यांच्या जाळ्या बनवायचा. त्यानेच लोखंडी पट्ट्या जोडून माझी चौकट केली, काचा बसवल्या आणि सांध्यांत काच चिकटवायची लांबी भरली. पाणी भरून पाहिलं तर मी एका कोपऱ्यातून गळू लागलो. "काय राव, पहिल्याच दिवशी इज्जत घालवली!" असं म्हणत त्याने पुन्हा लांबी दाबली. त्यानंतर मी कधी गळलो नाही, हे मात्र अभिमानाने सांगतो.

वाशीच्या एका नव्याकोऱ्या इमारतीत मला नेलं. साल शहाऐंशी असावं. घर नंदकिशोर यांचं. ते मालवाहू बोटीवर नोकरीला होते. घरात पत्नी वैजयंती, आई सरस्वतीबाई आणि नऊ वर्षांची मुलगी स्मिता. नंदकिशोरांनी जपानहून एक अजब जीव आणला होता. बोटीवरच्या आचाऱ्याला लोणी लावून त्यांनी तो शीतखोलीत जपला होता. त्याचं नाव ॲक्सोलोटल. फिकट गुलाबी अंग, चार इवले पाय आणि मानेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन पिसांसारखे कल्ले. त्या कल्ल्यांवरून स्मिताने त्याचं नाव ठेवलं तुऱ्या.

खाडीकाठच्या गावातली काशी दारावर कोलंबी विकायला यायची. तिने तुऱ्याला पाहिलं आणि टोपली खाली ठेवली. "ह्यो कसला मासा गो बाय? ह्याला त पाय हाय! कोनी खाऊ नका गो, बाधंल!" सगळे पोट धरून हसले. सरस्वतीबाईही हसल्या. ते दिवस चांगले होते.

बोटीवर परत जाण्याआधी नंदकिशोर माझ्यासमोर स्मिताला घेऊन बसले. "ह्याला थंड पाणी लागतं. बर्फ पिशवीत बांधून वर तरंगत ठेवायचा. नळाचं पाणी थेट ओतायचं नाही, एक दिवस बादलीत राहू द्यायचं. खाऊन उरलेलं लगेच काढायचं, नाहीतर ते कुजतं आणि ह्याला बुरशी लागते. कल्ल्यांवर पांढरा कापूस दिसला तर घाबरू नकोस. वेगळ्या भांड्यात जाड्या मिठाचं पाणी करून ह्याला थोडाच वेळ ठेवायचं. तेवढ्यात टँक धुवायचा आणि मग स्वच्छ पाण्यात सोडायचं. तुझ्या भरवशावर जातोय हं." स्मिताने मान डोलावली. त्या दिवसापासून तिचा जीव तुऱ्यात अडकला. बाबांनी घरात मागे ठेवलेलं, खास तिचं असं तेवढंच होतं.

पुढे श्रावण आला. सरस्वतीबाईंचं माहेर कृष्णाकाठचं. तिकडे घाटावर माशांना कणकेच्या गोळ्या घालतात, त्याने पुण्य लागतं. आता घरातच जलचर असताना त्या गप्प कशा बसतील? रोज पूजा झाली की एक गोळी माझ्यात पडू लागली. शुक्रवारी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनीही हौसेने गोळ्या टाकल्या. तुऱ्या कणीक खात नव्हता. गोळ्या दगडाखाली जाऊन बसत, फुगत, आंबत. स्मिता हात घालून निघतील तेवढ्या काढी. आजीला सांगायची मात्र तिची छाती होत नव्हती. मला ती घाण पोटात कळत होती, पण टँकला कोण विचारतो?

एके सकाळी तुऱ्याच्या एका कल्ल्यावर पांढरा कापूस दिसला.

"आजी, मिठाचं पाणी करायचंय. बाबांनी सांगितलंय," स्मिता धावत स्वयंपाकघरात गेली.

"जखमेवर मीठ?" सरस्वतीबाई हबकल्या. "कसाई आहोत का गं आपण? कापलं-खरचटलं की हळद लावतात."

"अहो आई, हे खरंच मिठाचं म्हणाले होते," वैजयंती हळूच म्हणाली.

"नंदूला काय कळतंय? त्याचे गुडघे फुटायचे तेव्हा मीच हळद दाबत होते. बरा झालाच ना?"

आणि मित्रांनो, चांगली मूठभर हळद माझ्यात पडली. सरस्वतीबाई दुष्ट नव्हत्या हो. हळद टाकताना त्या देवाचं नाव घेत होत्या. त्यांचा मला राग येतो आणि त्यांची कीवही येते. पाणी पिवळंधमक झालं, कल्ल्यांवर हळदीचा थर बसला. तुऱ्या तोंड वर काढून हवा गिळू लागला. कापूस दुसऱ्या कल्ल्यावर चढला.

शेवटी सासूबाई देवळात गेल्याचं पाहून वैजयंती म्हणाली, "कर गं तुझं मिठाचं पाणी. आईंचं मी बघते." स्मिताने बादलीतल्या पाण्यात जाडं मीठ विरघळवून परातीत ओतलं आणि तुऱ्याला अलगद त्यात सोडलं. थोड्या वेळाने कापूस सुटू लागला. तुऱ्याने शेपटी हलवली. मायलेकी एकमेकींकडे बघून हसल्या. मीही हसलो असतो.

पण बादली रिकामी झाली होती आणि नळाला पाणी संध्याकाळी यायचं. तुऱ्याला मिठात फार वेळ ठेवता येत नव्हतं. "तोवर ह्याच्यातच राहू दे," वैजयंती म्हणाली. तुऱ्या पुन्हा माझ्या त्याच पिवळ्या, आंबलेल्या पाण्यात आला. संध्याकाळी पाणी आलं, तेव्हा सरस्वतीबाई घरात होत्या. हळदीचं पाणी त्यांनी ओतू दिलं नाही.

कापूस परत आला तो दुपटीने. तुरे झडून खुंट राहिले. एका सकाळी तुऱ्या पोट वर करून तरंगत होता. स्मिताने त्याला इमारतीमागे पुरलं आणि शाळेला गेली.

दिवाळीनंतर नंदकिशोर परतले. मी रिकामा, कोरडा पडलो होतो.

"कापूस दिसल्यावर मिठाचं पाणी केलं होतंस का?" त्यांनी विचारलं.

स्मिताने आजीकडे पाहिलं. सरस्वतीबाई डाळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले, पण मान वर झाली नाही. वैजयंतीने पदर तोंडाला लावला.

"विसरले, बाबा," स्मिता म्हणाली.

"एवढंच तर सांगितलं होतं गं तुला," नंदकिशोर म्हणाले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "जाऊ दे, पुढच्या खेपेला दुसरा आणू."

"नको. मला नाही जमत."

सरस्वतीबाई त्यानंतरही बरीच वर्षं जगल्या. हळदीचं मात्र त्यांनी नंदकिशोरांना कधीच सांगितलं नाही. मला गॅलरीत टाकलं, आता माझ्यात कांदे-बटाटे असतात. स्मिता मोठी झाली. कोणी कुत्र्याचं पिल्लू देऊ केलं, शेजारणीने गावाला जाताना कुंड्या सोपवायच्या म्हटल्या, की ती तेच म्हणते, मला नाही जमत. तेच तेच म्हणून तिला ते खरंच वाटू लागलंय.

मित्रांनो, मुका जीव घरी आणलात तर त्याचं पाणी स्वच्छ ठेवा, उरलेलं अन्न काढा. आपल्याला जे औषध लागू पडतं ते त्यालाही पडेलच असं धरून चालू नका. हे सारं ऐकलंत तर मला बरं वाटेल. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. मला तोंड नाही, तुम्हाला आहे. त्या घरी कधी गेलात तर स्मिताला सांगा, बाळ, तू विसरली नव्हतीस.